साहेबांना सांगायचे कोणी?

एप्रिल-मे महिन्यांत बदल्यांचे आदेश निघतात आणि गोंदिया जिल्ह्यातील कचेऱ्यांतून नव्या साहेबांची प्रतीक्षा सुरू होते. कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आणि मुंबईहून निघणारी विदर्भ एक्सप्रेस या दोन्ही गाड्यांचा प्रवास जेथे संपतो, त्या स्थानकावर उतरणारा अधिकारी अनेकदा मनाने अर्धा परतीच्याच प्रवासात असतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा राज्याच्या पूर्व टोकाला आहे. येथील नेमणूक म्हणजे शिक्षा, हा समज जुना आहे. आदिवासी व नक्षलग्रस्त क्षेत्रांत काम करणाऱ्यांना एकस्तर वरची वेतनश्रेणी देण्याचा निर्णय शासनाने २००२ साली घेतला, यावरूनही या समजाचे वजन लक्षात यावे. बदल्यांविषयीच्या २००५ च्या कायद्याने एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा ठरविला. प्रत्यक्षात साहेब त्याआधीच जातात. गोंदियाला खेटून असलेल्या कुडव्यासारख्या गावातून रोज सकाळी सायकलने वा दुचाकीने कचेरी गाठणारा लिपिक मात्र तेथेच राहतो. गेल्या चार साहेबांच्या काळात कोणती नस्ती का अडली, हे त्याला पाठ असते. पाचव्या साहेबांना ते तो सांगतोच, असे मात्र नाही.

का सांगत नाही, हा प्रश्न वरवर पाहता स्वभावाचा वाटतो. वरिष्ठांशी कसे बोलावे यावर आज पुस्तकांचा आणि व्याख्यानांचा तोटा नाही. हसतमुख राहावे, साहेबांची वेळ पाहून बोलावे, तक्रार घेऊन जाऊ नये, उपाय घेऊन जावे, अशी त्यांची शिकवण असते. ती चुकीची नाही. परंतु सारा दोष कनिष्ठाच्या वाणीत आहे आणि ती थोडी घासूनपुसून घेतली की काम झाले, असे तीत गृहीत धरलेले असते. वस्तुतः कचेरीतील मौन हे बहुधा भित्रेपणाचे लक्षण नसून हिशोबाचे फलित असते, आणि तो हिशोब पुष्कळदा अगदी बिनचूक असतो.

एक उदाहरण घेऊ. धान हे या जिल्ह्याचे मुख्य पीक. खरिपाचे धान निघाले की आधारभूत किमतीने खरेदी करणारी केंद्रे उघडतात. पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ यांच्या वतीने हे काम चालते. अशा एखाद्या केंद्रावरील कारकुनाची कल्पना करावी. एका पोत्यात ४० किलो धान धरले तर १,००० क्विंटलला २,५०० पोती लागतात. शिल्लक बारदाना किती आणि नोंदणी केलेले शेतकरी किती, हे त्याच्या वहीत आहे. साधा भागाकार केला तरी बारदाना आठ दिवसांत संपणार, हे त्याला दिसते. तसेच दोन दिवस आभाळ भरून राहिले तर अंगणात पडलेल्या धानाची आर्द्रता १७ टक्क्यांच्या विहित मर्यादेपलीकडे जाईल आणि माल परत करावा लागेल, हेही त्याला कळते. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या साहेबांना यांतले काहीच दिसत नाही. त्यांच्यापुढे असतो तो कालपर्यंतच्या खरेदीचा तक्ता, आणि तो तक्ता उत्तम असतो.

आता कारकुनाचा हिशोब पाहावा. त्याने आजच वर कळविले, तर ‘आधी का नाही सांगितले’, ‘मागणी वेळेत का नाही नोंदविली’, असे प्रश्न त्याच्यावरच उलटण्याचा संभव आहे. बारदाना वेळेवर आला, तर त्याचे श्रेय त्याला कोणी देणार नाही, कारण जे संकट आलेच नाही त्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नसते. तो गप्प राहिला आणि बारदाना संपला, तर तो सर्वत्र संपलेला असेल आणि दोष ‘पुरवठ्याचा’ ठरेल. बोलण्याची किंमत एकट्याने मोजायची आणि लाभ मात्र रांगेत उभ्या असलेल्या शेकडो शेतकऱ्यांत वाटला जायचा! अर्थशास्त्रातील कोणताही विद्यार्थी सांगेल की, अशा स्थितीत त्या वस्तूचा पुरवठा गरजेपेक्षा कमीच होणार. येथे ती वस्तू म्हणजे खरी माहिती, एवढाच फरक.

हायेक यांनी १९४५ साली लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात असे दाखवून दिले होते की, अर्थव्यवहाराला लागणारे ज्ञान कोणा एका मध्यवर्ती मेंदूत नसते. विशिष्ट स्थळकाळाचे ज्ञान जागेवरच्या माणसापाशी विखुरलेले असते. बाजारात ते किमतीच्या रूपाने इतरांपर्यंत पोहोचते. कचेरीत किंमत नसते, तेथे असतो तो फक्त शब्द. हर्शमन यांनी १९७० साली या विचाराला दुसरी बाजू जोडली. एखाद्या संस्थेत बिघाड होऊ लागला की माणसापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात: बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे. खाजगी कारखान्यातील कुशल कामगार पहिला मार्ग पत्करू शकतो. गोंदियातील जिल्हा परिषदेच्या लिपिकाला किंवा अनुदानित शाळेतील शिक्षकाला तो जवळजवळ बंदच आहे, कारण अशी दुसरी नोकरी पंचक्रोशीत मिळणे नाही. म्हणजे उरतो तो आवाज. तोही बंद झाला, तर माणूस खुर्चीवर बसूनच बाहेर पडतो. तो हजेरीपटावर असतो, कामात नसतो. अशा ‘बाहेर पडलेल्या’ माणसांची गणना कोणत्याच खात्याने कधी केलेली नाही.

वर जाणारा शब्द अडला म्हणजे काय होते, याचे सर्वांत भयानक उदाहरण धान्याशीच संबंधित आहे. चीनमध्ये १९५८ नंतर ‘मोठ्या झेपे’च्या काळात गावोगावच्या कार्यकर्त्यांनी वरिष्ठांना आवडतील असे पिकांचे फुगविलेले आकडे पाठविले. त्या आकड्यांवरून सरकारने धान्याची वसुली ठरविली, आणि नसलेल्या पिकातून ती करताना शेतकऱ्यांच्या घरातले खायचे धान्यही उचलले गेले. १९६१ पर्यंत कोट्यवधी माणसे उपासमारीने मेली. संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी जुलै १९५९ मध्ये माओंना खाजगी पत्र लिहून धोक्याची जाणीव दिली. त्यांना पदावरून दूर करण्यात आले, आणि त्यापुढे तसे पत्र लिहिण्याचे धाडस कोण करणार! लोकशाही आणि मुक्त वृत्तपत्रे असलेल्या देशात एवढा मोठा दुष्काळ पडत नाही, हे अमर्त्य सेन यांचे प्रतिपादन सर्वांना ठाऊक आहे. त्याच न्यायाने असेही म्हणता येईल की, प्रत्येक कचेरीला आपली एक छोटी, आतली, छापली न जाणारी वृत्तसंस्था लागते.

महाराष्ट्रात या विषयावर बोलू लागले की हटकून रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव निघते. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यानंतर राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्तच आहे, असे तोंडावर सांगणारा न्यायाधीश हा मराठी मनाचा मानबिंदू आहे, आणि तो असावाही. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावरून पंतप्रधानांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडलेले चिंतामणराव देशमुख हेही त्याच मालिकेतले. तथापि, हे आदर्श रोजच्या कामासाठी थोडे गैरसोयीचे आहेत, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. रामशास्त्री पद सोडण्याची तयारी ठेवून बोलले. चार माणसांचे पोट ज्याच्या पगारावर आहे, त्या कारकुनाकडून दर मंगळवारी रामशास्त्री होण्याची अपेक्षा करणे म्हणजे त्याला गप्प बसण्यासाठी एक सन्मान्य सबब पुरविणे होय. शिवाय रामशास्त्र्यांपुढे प्रश्न खुनाचा होता. आपल्यापुढे असतो तो बहुधा चुकलेल्या तक्त्याचा, अपुऱ्या बारदान्याचा किंवा गळक्या वर्गखोलीचा. त्यासाठी बाणेदारपणा नको, पद्धत हवी.

आणि पद्धत आपल्याकडे होती. जुन्या मोडी कागदपत्रांत कनिष्ठ वरिष्ठाला लिहितो ती ‘विज्ञापना’ आणि वरिष्ठ कनिष्ठाला देतो ती ‘आज्ञा’. मायन्यात विनय पुरेपूर असे. पण मायना संपला की मजकुरात फौज किती, दाणा-वैरण किती, पैका किती थकला, हे सारे रोखठोक येई. नम्रता शीर्षभागी आणि वस्तुस्थिती पोटात, अशी ती वाटणी होती. आज अनेक ठिकाणी ही वाटणी मोडली आहे. नम्रता उतरत उतरत मजकुरापर्यंत पोहोचली आहे आणि वस्तुस्थिती तिने कागदाबाहेर ढकलली आहे.

आजच्या कचेरीत विज्ञापनेची जागा टिप्पणीने घेतली आहे. ‘आदेशार्थ सादर’, ‘मान्यतेस्तव सादर’, ‘अवलोकनार्थ सादर’ या शब्दांखाली लिपिकाची आद्याक्षरी पडते आणि नस्ती वर चालू लागते. वरून ती परतते ती ‘प्रस्तावाप्रमाणे’, ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ अथवा ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन. यांतला शेवटचा शेरा विशेष अभ्यासण्याजोगा आहे. काही वेळा खरोखरच चर्चा आवश्यक असते. पुष्कळदा मात्र ‘चर्चा करावी’ याचा अर्थ ‘मी हे लिहून देणार नाही’ एवढाच असतो. लिपिक आत जातो, साहेब तोंडी काही सांगतात, आणि बाहेर येऊन तो ‘चर्चेनुसार’ असे लिहून टिप्पणी फिरवितो. पुढे लेखापरीक्षणाचा आक्षेप निघाला की कागदावर नाव त्याचे, निर्णय मात्र हवेतला.

याविरुद्धचे संरक्षण कायद्यात आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ चे आहेत. वरिष्ठाच्या निर्देशानुसार काम करावयाचे असेल तेव्हा तो निर्देश शक्यतो लेखी घ्यावा, आणि ते शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी मिळवावी, असे त्यांत कर्मचाऱ्याला सांगितलेले आहे. म्हणजे लेखी आदेश मागणे हा उद्धटपणा नसून कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या प्रकरणात सनदी अधिकाऱ्यांनाही हेच बजावले, की तोंडी सूचनांवर काम करू नये, त्या नोंदवून ठेवाव्यात. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने माहितीच्या व्याख्येत अभिप्राय आणि सल्ले यांचाही समावेश केल्यामुळे नस्तीवरील टिप्पणी आता उद्या एखादा शेतकरीही वाचू शकतो. आपण लिहिले ते केवळ साहेबच वाचतील, ही समजूत जितक्या लवकर सुटेल तितके बरे.

परंतु ‘साहेब, लेखी द्या’ हे वाक्य उच्चारणे कठीण असते, हे कोण नाकारील? त्यात अविश्वासाचा वास येतो. यावर जुन्या, मुरलेल्या अव्वल कारकुनांची एक तोड आहे आणि ती कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकापेक्षा चांगली आहे. ते लेखी मागत नाहीत, स्वतःच लिहितात. तोंडी सूचना मिळाली की त्याच दिवशी दोन ओळींची टिप्पणी टाकतात: आज अमुक विषयावर आपल्याशी झालेल्या चर्चेत अमुक करण्याचे निर्देश मिळाले, त्यानुसार कार्यवाही करण्यात येत आहे, अवलोकनार्थ सादर. येथे मागणी नाही, आरोप नाही. साहेबांना ते मान्य नसेल तर त्यांना तसे लिहावे लागेल, आणि मान्य असेल तर सही पुरेशी आहे. दोन ओळींत जबाबदारी आपल्या जागी जाऊन बसते.

मतभेद असेल तेव्हाही हीच वाट. ‘हे चुकीचे आहे’ असे लिहिणारा माणूस साहेबांना हरविण्याच्या उद्योगाला लागतो, आणि कचेरीत साहेब सहसा हरत नाहीत. त्याऐवजी दोन पर्याय मांडावेत, प्रत्येकाचा खर्च, लागणारे दिवस आणि लागू पडणारा नियम शेजारी लिहावा, आणि आपला अभिप्राय शेवटी एका वाक्यात द्यावा. बारदान्याच्या उदाहरणात ‘पुरवठा अपुरा आहे’ ही तक्रार झाली. ‘शिल्लक पोती इतकी, रोजची गरज इतकी, अमुक तारखेस साठा संपेल, शेजारच्या केंद्राकडून उसनवार घेतल्यास इतके दिवस निघतील’ ही टिप्पणी झाली. पहिलीवर साहेब रागावू शकतात. दुसरीवर त्यांना काहीतरी लिहावेच लागते, आणि बदल्यांविषयीच्या त्याच कायद्याने कोणतीही नस्ती सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ एका टेबलावर राहू नये, असे बंधन त्यांच्यावरही घातलेले आहे.

अलीकडे या साऱ्या व्यवस्थेला एक नवी वाट फुटली आहे ती व्हॉट्सॲपच्या गटांची. रात्री साडेनऊला गटावर साहेबांचा संदेश येतो, की उद्या सकाळी अकरापर्यंत माहिती सादर करावी. खाली नमस्काराच्या आणि अंगठ्याच्या चित्रांची रांग लागते. ही चित्रे म्हणजे संवाद नव्हे. ती हजेरी आहे. मागितलेली माहिती मागच्याच आठवड्यात पाठविली आहे, हे पन्नास जणांना माहीत असूनही चारचौघांत कोणी लिहीत नाही, कारण तेथे लिहिणे म्हणजे साहेबांची चूक भर सभेत दाखविणे. खाजगीत एक ओळ लिहिणाऱ्यामुळे मात्र पन्नास माणसांची एक सकाळ वाचते. गटावरचा आदेश लेखी म्हणावा की तोंडी, असा प्रश्न अनेक शिक्षक विचारतात. तो कागदासारखा साठतो, पण नस्तीत लागत नाही. तेव्हा महत्त्वाचा असेल तर त्याचा दिनांक देऊन वरीलप्रमाणेच दोन ओळींची टिप्पणी करावी, हे उत्तम.

शिक्षकांची अडचण काहीशी निराळी आहे. त्यांचा साहेब एक नसून ओळीने अनेक आहेत: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी. ‘योग्य मार्गाने’ निघालेला अर्ज प्रत्येक पायरीवर थोडा थोडा सौम्य होत जातो. गळके छप्पर वर पोहोचेपर्यंत ‘किरकोळ दुरुस्ती’ झालेले असते. त्यात शिकविण्याव्यतिरिक्तची कामे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याचे कलम २७ दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मुभा देते. हे कलम शिक्षक संघटनांच्या निवेदनांत वारंवार येते, पण एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकाने ‘सदर काम केल्यास अमुक वर्गाचे इतके तास बुडतील’ असा हिशोब जोडून वर पाठविलेला कागद क्वचितच आढळतो. संघटनेचे निवेदन साहेबांना विरोधकाकडून आलेले वाटते. तासांचा हिशोब त्यांच्याच शाळेतून आलेला असतो.

भाषेचा मुद्दाही येथे सोडून चालणार नाही. राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्यानंतर मराठी कचेरीची भाषा झाली हे योग्यच झाले. पण ती झाली ती पुण्या-मुंबईकडच्या लेखणीची मराठी. गोंदियात घरी पोवारी किंवा झाडीबोली, बाजारात हिंदी आणि कचेरीत ‘उपरोक्त विषयान्वये’, अशा तीन पायऱ्या लिपिकाला रोज चढाव्या लागतात. पश्चिमेकडून आलेल्या साहेबांपुढे आपली बोली हास्यास्पद ठरेल, या धास्तीने कित्येक जण बोलणेच टाळतात. उलट बाजूनेही गफलत होते. इकडे ‘हो जी’ म्हणतात ते पुष्कळदा ‘ऐकले’ एवढ्याच अर्थाने. नवे साहेब त्याचा अर्थ ‘मान्य आहे, होऊन जाईल’ असा घेतात आणि महिन्याने संतापतात. असा संताप करण्यापूर्वी ‘यात अडचण काय आहे?’ एवढे जरी त्यांनी विचारले असते, तरी ‘जी’च्या मागे काय होते ते कळले असते.

आणि येथेच मूळ जबाबदारी कोणाची, हे सांगणे प्राप्त आहे. बोलण्याची किंमत ठरविणारा कनिष्ठ नसतो. ती वरिष्ठ ठरवितो. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील तेनेरीफ येथे धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ माणसे मेली. उड्डाण करू पाहणाऱ्या विमानाचा कप्तान हा त्या कंपनीतील अत्यंत मानाचा प्रशिक्षक-वैमानिक होता. परवानगी मिळालेली नाही, हे सहवैमानिकाने एकदा सांगितले. दुसऱ्यांदा विमान धावू लागले तेव्हा त्याने हरकत घेतली नाही. समोरचे विमान अजून धावपट्टीवर तर नाही ना, अशी शंका अभियंत्याने बोलून दाखविली, आणि कप्तानाच्या ठाम उत्तरापुढे तीही विरली. त्यानंतरच्या काळात विमान कंपन्यांनी जे प्रशिक्षण सुरू केले ते केवळ कनिष्ठांना धीट करण्याचे नव्हते; कप्तानांना ऐकावयास शिकविण्याचेही होते. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच दोरी ओढण्याची मुभा साध्या कामगाराला असते, आणि दोरी ओढली की पर्यवेक्षक धावत येतो तो मदतीला. आपल्याकडे असे काही घडले तर पहिला कागद निघेल तो बहुधा ‘कारणे दाखवा’ नोटिशीचा.

कनिष्ठांनी वरिष्ठांना सांगावे, ही अपेक्षा करणाऱ्या शासनव्यवस्थेने वरिष्ठांचे मत मात्र कनिष्ठांपासून दीर्घकाळ लपवून ठेवले, हेही ध्यानात घ्यावे. गोपनीय अहवालातील फक्त प्रतिकूल शेरे कळविण्याची रीत होती. ‘चांगला’ असा शेरा मिळालेल्या माणसाची पदोन्नती ‘अत्युत्तम’ नसल्यामुळे हुकली, तरी त्याला कारण कळत नसे. २००८ साली देव दत्त यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा संबंधिताला कळविला पाहिजे असे ठरविले. निर्णय झाला, वर्षातून एकदा समोर बसवून ‘तुमचे हे काम चांगले, हे कमी पडते’ असे सांगणारे साहेब अद्याप मोजकेच आहेत.

जिल्ह्यात नव्याने रुजू होणाऱ्या अधिकाऱ्याने स्वागताचे पुष्पगुच्छ बाजूला ठेवून पहिल्या आठवड्यात प्रत्येक कार्यासनाला एकच कागद मागावा: गेल्या वर्षी काय अडले आणि यंदा काय अडेल. नाव घालण्याची सक्ती नको, तीन दिवसांची मुदत पुरे. पावसाळा सुरू होण्यापूर्वी हा कागद मिळाला तर त्यात शाळांची छपरे येतील, आणि दिवाळीपूर्वी मिळाला तर बारदाना येईल. तो वाचून साहेबांनी त्यातील निदान एका गोष्टीवर ‘चर्चा करावी’ याखेरीज दुसरे काहीतरी लिहावे. पुढच्या वर्षी कागद न मागताही येईल.